रॉबिन हूड : पोवाड्यांतला आणि पडद्यावरचा

शेरवुडच्या रानांतल्या हिरव्या डगल्याच्या धनुर्धराचें नांव ज्याच्या कानावरून गेलें नाहीं असा शाळकरी मुलगा आपल्याकडील शहरांतून सांपडणें कठीण आहे. धनिकाला लुटावें, गरिबाला द्यावें, जुलमी शेरीफाची फजिती करावी, आणि अखेरीस सिंहहृदयी रिचर्ड राजा परत आला म्हणजे त्याच्यापुढें गुडघे टेकून आपली जहागीर आणि आपली मॅरियन पदरांत पाडून घ्यावी, अशी ही कथा बहुतेकांस ठाऊक असते. पुस्तकांनीं ती पसरविली हें खरें. पण त्याहून किती तरी पटीनें ती चित्रपटांनीं पसरविली. परंतु ज्या जुन्या इंग्रजी पोवाड्यांतून हा नायक जन्मास आला ते उघडून पाहिले तर वाचकास पहिला धक्का बसतो तो असा कीं, तेथें त्याला जहागीर नाहीं, मॅरियन नाहीं, आणि रिचर्ड राजाही नाहीं. मग तेथें आहे तरी काय? तेथें एक कर्ज आहे.

रॉबिन हूडचा सर्वांत जुना वाङ्मयीन उल्लेख इ. स. १३७७ च्या सुमारास विल्यम लँगलंड याच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यांत सांपडतो, आणि तो मोठा गमतीचा आहे. आळस हा मनुष्यरूप घेऊन तेथें कबुली देतो कीं, आपल्याला प्रार्थना धड म्हणतां येत नाहीं, पण रॉबिन हूडचीं गाणीं मात्र येतात. म्हणजे चौदाव्या शतकांतच हीं गाणीं लोकांच्या तोंडीं इतकीं बसलीं होतीं कीं धर्मगुरूंना त्यांचा मत्सर वाटावा. या गाण्यांतील सर्वांत मोठा पोवाडा ‘जेस्ट ऑफ रॉबिन हूड’ या नांवानें सन १५०० च्या आगेंमागें छापला गेला. त्यांत साडेचारशेंहून अधिक कडवीं आहेत. त्यांतला रॉबिन हा ‘योमन’ आहे. योमन म्हणजे सरदारही नव्हे आणि जमिनीला बांधलेला कूळही नव्हे. मधल्या दर्जाचा, आपल्या हिमतीवर उभा असलेला स्वतंत्र माणूस. त्याचें रान मुख्यतः यॉर्कशायरमधील बार्न्सडेल हें आहे. शेरवुड येतें तें दुसऱ्या पोवाड्यांत. राजाचें नांव आहे एडवर्ड.

या पोवाड्याच्या आरंभीं रॉबिन आपल्या गड्यांस सांगतो कीं, एखादा पाहुणा मिळाल्यावांचून आज जेवावयाचें नाहीं. लिटल जॉन रस्त्यावर जाऊन एका खिन्न, मळक्या वेषांतल्या सरदारास घेऊन येतो. जेवण होतें आणि रिवाजाप्रमाणें जेवणाचें मोल मागितलें जातें. सरदार म्हणतो, आपल्या पेटींत दहाच शिलिंग आहेत. लिटल जॉन पेटी उघडून मोजतो, तों खरोखरच दहा शिलिंग निघतात. खरें बोलणाऱ्यास लुटावयाचें नाहीं हा रॉबिनचा नियम. तेव्हां तो त्या सरदाराची हकीकत विचारतो. सरदाराच्या मुलाच्या हातून खून झाला होता. मुलाला वांचविण्यासाठीं बापानें आपली सारी जमीन यॉर्क येथील सेंट मेरीच्या मठाकडे चारशें पौंडांस गहाण टाकली. मुदत भरत आली आहे, हातीं पैसा नाहीं, आणि भरभराटीच्या दिवसांतले मित्र आतां ओळखसुद्धां दाखवीत नाहींत. जामीन कोण, असें रॉबिन विचारतो. ख्रिस्ताची माता मेरी हिच्यावांचून आपल्याला दुसरा जामीन नाहीं, असें सरदार सांगतो. आणि मेरीचा निस्सीम भक्त असलेल्या रॉबिनला तेवढा जामीन पुरतो. चारशें पौंड मोजून दिले जातात. सरदाराच्या अंगावर धड वस्त्र नाहीं म्हणून लिटल जॉन त्याला कापड देतो, तें मोजण्यास गजाऐवजीं आपलें धनुष्य घेतो, आणि प्रत्येक मापागणिक तीन फूट पुढें उडी मारतो. एक गडी कुरकुरतो कीं हा कसला कापडवाला! दुसरा हंसून म्हणतो, जॉनचें यांत काय जातें?

पुढचा प्रसंग मठांतला आहे. मुदतीच्या दिवशीं मठाधिपती वाट पाहत बसला आहे, आणि त्याच्या शेजारीं मोबदला घेऊन बांधला गेलेला मुख्य न्यायाधीश बसला आहे. सरदार मुद्दाम जुनाट कपड्यांत येतो, गुडघे टेकतो, आणि मुदत वाढवून मागतो. कोणी ऐकत नाहीं. न्यायाधीश तर जमीन गेली असेंच समजून बोलतो. सर्वांची पुरती परीक्षा झाल्यावर सरदार थैली उपडी करून चारशें पौंड मेजावर ओततो. मठाधिपतीच्या घशांत घांस अडकतो, आणि तो न्यायाधीशाकडे दिलेला पैसा परत मागूं लागतो. न्यायाधीश अर्थात् तो देत नाहीं. वर्षानें सरदार कर्ज फेडावयास निघतो, पण वाटेंत कुस्तीच्या फडावर अन्याय होत असलेल्या एका परक्या माणसाचें साह्य करण्यांत त्याला उशीर होतो. मधल्या वेळांत त्याच सेंट मेरीच्या मठाचा कोठावळा रॉबिनच्या हातीं लागतो. आपल्याजवळ वीस मार्कच आहेत असें तो खोटें सांगतो. पेटींत निघतात आठशें पौंडांहून अधिक. रॉबिन म्हणतो, मेरीमातेनें जामिनकी पाळली आणि दामदुपटीनें फेड केली. नंतर सरदार येऊन पोहोंचतो तेव्हां त्याचे पैसे घेतले जात नाहींत, उलट आणखी चारशें पौंड त्याच्याच हातावर ठेवले जातात.

ही कथा विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, पांचशें वर्षांपूर्वींच्या श्रोत्यांना रॉबिन कां आवडला हें तींत स्वच्छ दिसतें. पोवाड्याच्या या भागांत भय आहे तें तलवारीचें नव्हे. गहाणखताचें, मुदतीचें, आणि सावकाराच्या मेजावर जेवणाऱ्या न्यायाधीशाचें आहे. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हात लावूं नका, असें रॉबिन आपल्या गड्यांस बजावतो. मात्र लूट गरिबांस वांटून टाकण्याची गोष्ट या पोवाड्यांत ठळक नाहीं. गरिबांचें त्यानें पुष्कळ बरें केलें एवढाच शेवटीं उल्लेख आहे. ती बाजू पुढल्या लेखकांनीं वाढविली.

आतां राजाची गोष्ट. एडवर्ड राजा मठाधिपतीच्या वेषानें रानांत येतो, रॉबिनचा पाहुणचार घेतो, ओळख पटते, क्षमा मिळते, आणि रॉबिन दरबारीं चाकरीला जातो. येथें कोणताही आधुनिक चित्रपट संपला असता. पोवाडा संपत नाहीं. सव्वा वर्षांत रॉबिनचा सारा पैसा दरबारांत खर्च होतो, एकदोघांखेरीज सोबती निघून जातात, आणि तो रानासाठीं झुरूं लागतो. यात्रेचें निमित्त सांगून तो राजाकडून सात दिवसांची रजा घेतो, बार्न्सडेलला जातो, आणि बावीस वर्षें परत येत नाहीं. रजा संपवून न परतलेला हा चाकर पुढें चित्रपटांत जवळजवळ कोठेंच भेटत नाहीं.

असा हा योमन सरदार झाला कसा? सन १५२१ मध्यें जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकारानें त्याला रिचर्ड राजाच्या काळांत नेऊन बसविलें. १५९८ सालीं अँथनी मंडे या नाटककारानें दोन नाटकें लिहून त्याला हंटिंग्टनचा अर्ल केलें. रंगभूमीवर नायक उच्च कुळांतला असला म्हणजे शोभा येते अशी त्या काळची समजूत होती. मॅरियन आणि टक नांवाचा गलेलठ्ठ जोगी हीं दोघें वसंतोत्सवांतील खेळांमधून आलीं आणि कथेंत कायमचीं राहिलीं. १८१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हन्हो’ कादंबरींत सर वॉल्टर स्कॉटनें सॅक्सन आणि नॉर्मन यांच्या वैराची फोडणी दिली. १८८३ मध्यें अमेरिकेंत हॉवर्ड पाइल यानें स्वतःच्या चित्रांसह मुलांसाठीं रॉबिनचें सुंदर पुस्तक काढलें. सिनेमावाल्यांच्या हातीं माल आला तो असा, चार शतकें घोटून गुळगुळीत झालेला.

रॉबिन हूडवरील मूकपट इंग्लंडांत १९०८ पासूनच निघूं लागले होते, पण ते छोटे होते. पहिला भव्य चित्रपट डग्लस फेअरबँक्सचा. तो १९२२ च्या ऑक्टोबरांत हॉलीवुडमधील ईजिप्शियन थिएटरांत प्रथम दाखविला गेला. त्यासाठीं उभारलेला किल्ला हा मूकपटांच्या काळांतल्या सर्वांत मोठ्या देखाव्यांत मोडतो. दिग्दर्शक अ‍ॅलन ड्वॉन हा पुढें सांगत असे कीं, तें प्रचंड बांधकाम पाहून फेअरबँक्स हिरमुसला. एवढ्या थोरल्या भिंतींपुढें माणसाला काय किंमत राहणार, असें त्याला वाटलें. तेव्हां ड्वॉननें उंच सज्ज्यावरून लोंबणाऱ्या पडद्याच्या आंत एक घसरगुंडी लपविली, आणि त्या पडद्यावरून स्वतः सरकत येऊन दाखविलें. फेअरबँक्स पोरासारखा खुलला. चित्रपटांतील तें दृश्य आजही पाहणाराच्या तोंडावर हंसूं आणतें. तथापि कथेच्या दृष्टीनें या चित्रपटाचा पूर्वार्ध राजवाडा, भाल्यांच्या झुंजी आणि धर्मयुद्ध यांतच जातो. नायक हंटिंग्डनचा अर्ल आणि रिचर्डचा जिवलग मित्र आहे. रान येतें तें उत्तरार्धांत. बंडखोर होणें हें येथें मित्राचें राज्य राखण्याचें एक साधन झालें आहे.

फेअरबँक्सचें वेड हिंदुस्थानांतही पसरलें होतें. १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या अहवालांत त्याच्याच ‘थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटाच्या अपूर्व लोकप्रियतेचा उल्लेख आहे, आणि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींतून पुढें आलेला, १९३१ सालच्या ‘आलम आरा’चा नायक मास्टर विठ्ठल याला लोक हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. असो.

सर्व जगाच्या मनांत जो रॉबिन हूड ठसला तो मात्र १९३८ सालचा. वॉर्नर ब्रदर्स कंपनीनें सुमारें वीस लक्ष डॉलर्स खर्चून ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ काढला. तोंपर्यंत त्या कंपनीनें एका चित्रपटावर एवढा पैसा घातला नव्हता. मूळ योजना जेम्स कॅग्नी यास नायक करण्याची होती, पण कंपनीशीं त्याचें बिनसलें आणि भूमिका एरल फ्लिन याच्याकडे गेली. मॅरियन झाली ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड. दिग्दर्शन विल्यम कीली याच्याकडे होतें. काम रेंगाळूं लागलें तेव्हां मायकेल कर्टीझ याला आणण्यांत आलें. शेरवुडचें रान उभें राहिलें तें कॅलिफोर्नियांतील चिको गांवच्या बिडवेल पार्कमध्यें. टेक्निकलरचे नवे रंग ऐन बहरांत होते, आणि तो हिरवा डगला, तीं लाल-निळीं निशाणें यांनीं डोळ्यांचें पारणें फिटतें. खांद्यावर राजाचें हरण टाकून रॉबिन नॉटिंगहॅमच्या भरल्या दिवाणखान्यांत शिरतो आणि तें प्रिन्स जॉनच्या पुढ्यांत आपटतो, तें दृश्य विसरणें अशक्य आहे. त्या काळीं राजाच्या रानांतलें हरण मारणें म्हणजे जबर शिक्षेस पात्र होणें. म्हणून त्या एका कृतींत सगळें आव्हान आलें. शेवटच्या द्वंद्वांत फ्लिन जिंकतो आणि बॅझिल रॅथबोन मरतो. वास्तविक तलवारबाजींत रॅथबोन दोघांत सरस होता, पण खलनायकाच्या नशिबीं हरणेंच असतें.

या चित्रपटाच्या संगीताची हकीकत चित्रपटाहून कमी रोमांचक नाहीं. एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हा व्हिएन्नाचा नामांकित संगीतकार, धर्मानें यहुदी. १९३८ च्या आरंभीं तो या कामासाठीं अमेरिकेस आला, चित्रपट पाहून त्यानें नकार दिला; एवढ्या झटापटींचें संगीत आपल्या हातचें नव्हे, असें त्याचें म्हणणें पडलें. त्याच सुमारास ऑस्ट्रियाहून वाईट बातम्या येऊं लागल्या. त्यानें काम पत्करलें. मार्च महिन्यांत हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या. व्हिएन्नांतील त्याचें घर जप्त झालें, पण तो आणि त्याचे कुटुंबीय वांचले. रॉबिन हूडनें आपला जीव वांचविला, असें तो पुढें म्हणत असे. त्या संगीताला ऑस्कर पारितोषिक मिळालें. सामान्य लोकांना घराबाहेर हांकलणारे शिपाई, छळाला कंटाळून रानांत आसऱ्याला आलेलीं बायकामुलें, हीं दृश्यें १९३८ सालच्या प्रेक्षकानें कोणत्या मनःस्थितींत पाहिलीं असतील याची कल्पना करतां येते.

पण याच चित्रपटाची कथा जरा बारकाईनें तपासण्यासारखी आहे. रिचर्ड राजा धर्मयुद्धाहून परततांना ऑस्ट्रियाच्या ड्यूकच्या कैदेंत सांपडला आहे. त्याच्या खंडणीचें निमित्त करून त्याचा भाऊ जॉन लोकांना पिळून काढीत आहे. रॉबिन करांचा खजिना रानांत लुटतो. आतां तो पैसा ज्यांचा त्यांना मिळेल अशी अपेक्षा असते. परंतु रॉबिन आपल्या लोकांना विचारतो, वांटून घ्यावा कीं राजाच्या सुटकेसाठीं ठेवावा? सर्वजण ओरडतात, राजासाठीं! म्हणजे शेतकऱ्याच्या घरून निघालेला पैसा मार्ग बदलून पुन्हां राजाकडेच चालला. इतिहास पाहिला तर ही गोष्ट अधिकच बोंचते. रिचर्डची खंडणी दीड लक्ष मार्क, म्हणजे एक लक्ष पौंड ठरली होती. तिच्यासाठीं लोकांच्या उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चवथा हिस्सा मागण्यांत आला, देवळांतलीं सोन्याचांदीचीं भांडीं गेलीं, मठांच्या मेंढ्यांची लोकरसुद्धां सुटली नाहीं. आणि ही वसुली जॉनच्या लोभानें नव्हे, तर रिचर्डच्याच राज्यकारभारानें केली. दहा वर्षांच्या कारकिर्दींत हा राजा उणेपुरे सहा महिने इंग्लंडांत राहिला. ११९४ च्या मार्चमध्यें नॉटिंगहॅमचा किल्ला घेतल्यावर तो शेरवुडचें रान पाहावयास गेला होता, एवढा मात्र इतिहासाचा आणि कथेचा मेळ बसतो. मे महिन्यांत तो समुद्रापलीकडे गेला तो पुन्हां कधीं आलाच नाहीं.

चित्रपटांतला रिचर्ड येतो, वाईट भावाच्या जागीं चांगला भाऊ बसतो, रॉबिनला बॅरन आणि अर्ल या पदव्या मिळतात, मॅरियनचा हात मिळतो, आणि दिवे लागतात. गहाणखत, मुदत, मोबदला घेणारा न्यायाधीश यांचें पुढें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. दुष्ट माणूस गेला कीं व्यवस्था निर्दोष आहे, असा या सुंदर चित्रपटाचा हिशेब आहे. तो हिशेब फार सोपा आहे.

एवढ्या निरुपद्रवी झालेल्या रॉबिनचीही पुढें भीति वाटूं लागली, ही मौज पाहण्यासारखी आहे. १९५३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील इंडियाना राज्याच्या पाठ्यपुस्तक समितीच्या एका सभासद बाईंनीं मागणी केली कीं, धनिकांस लुटून गरिबांस देणारा हा मनुष्य कम्युनिस्ट मताचा प्रसार करतो, सबब शाळेच्या पुस्तकांतून त्याला काढून टाकावें. तिकडे इंग्लंडांत नॉटिंगहॅम शहरीं शेरीफचें मानाचें पद अद्याप चालू आहे. त्या वेळच्या शेरीफनें रॉबिन कम्युनिस्ट नव्हता अशी ग्वाही दिली. सातशें वर्षांच्या वैरानंतर शेरीफनें रॉबिनची बाजू घ्यावी हा काळाचा महिमा! इंडियाना विश्वविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं १९५४ मध्यें कोंबडीचीं पिसें हिरव्या रंगांत बुडवून विद्यापीठाच्या आवारांत लावलीं आणि आपला निषेध नोंदविला.

त्याच वेळीं अमेरिकेच्या चित्रपटसृष्टींत काळी यादी चालू होती. ज्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय, आणि ज्यांनीं सोबत्यांचीं नांवें सांगण्याचें नाकारलें, अशा लेखकांस कोणी काम देत नसे. रिंग लार्डनर याला १९४२ च्या ‘वूमन ऑफ द इयर’ या चित्रपटाच्या लेखनासाठीं ऑस्कर मिळालें होतें. संसदीय समितीपुढें उत्तर न दिल्यामुळें १९५० सालीं तो तुरुंगांत गेला. बाहेर आल्यावर त्याला कोणतेंच दार उघडें नव्हतें. हॅना वाइन्स्टाइन नांवाची अमेरिकन बाई लंडनमध्यें येऊन राहिली होती. तिनें दूरचित्रवाणीसाठीं रॉबिन हूडची चित्रमाला काढली आणि लेखनाचें काम गुपचूप लार्डनर आणि त्याचा मित्र इयन मॅकलेलन हंटर यांना दिलें. ते न्यूयॉर्कमध्यें बसून खोट्या नांवांनीं कथा लिहीत आणि लंडनला पाठवीत. १९५५ च्या सप्टेंबरांत ही माला इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत सुरू झाली. रिचर्ड ग्रीन नायक होता. चार वर्षांत तिचे १४३ भाग झाले. ज्या देशांत या लेखकांचें नांव पडद्यावर येण्यास बंदी, त्याच देशांतल्या घराघरांतून मुलें त्यांच्या गोष्टी डोळे विस्फारून पाहत होतीं.

या मालेंतील रॉबिनही लॉक्सलेचा सरदारच आहे. तेवढी परंपरा लेखकांना मोडतां आली नाहीं. परंतु तिच्या गोष्टींत खबर देणारा शेजारी, सोबत्याचें नांव सांगावें कीं सांगूं नये या पेंचांत पडलेला माणूस, आणि कायद्याचा कागद पुढें करून होणारा अन्याय यांना वरचेवर जागा मिळाली. त्या काळच्या अमेरिकेविषयीं जें उघड बोलतां येत नव्हतें तें शेरवुडच्या आडून बोलतां आलें, असें लार्डनरनें पुढें स्वतःच सांगितलें. रानांत राहणें म्हणजे काय हें या लेखकांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. म्हणूनच त्या छोट्या, काटकसरीनें काढलेल्या कथांमध्यें जुन्या पोवाड्याचा थोडा वास येतो. तो वीस लक्ष डॉलर्सच्या चित्रपटाला येत नाहीं.

बाकीच्या चित्रपटांविषयीं फार बोलण्यासारखें नाहीं. डिस्नेनें १९५२ मध्यें इंग्लंडांत अडकून पडलेला आपला पैसा वापरण्यासाठीं तेथेंच एक रॉबिन हूड काढला, आणि १९७३ मध्यें रॉबिनला कोल्हा करून व्यंगचित्रपट काढला. मुलांना तो अजून आवडतो, आणि खरें सांगावयाचें तर कर वसूल करणारा त्यांतला लांडगा-शेरीफ कित्येक हाडामांसाच्या शेरीफांहून बरा आहे. १९९१ सालच्या ‘प्रिन्स ऑफ थीव्ज’मध्यें केव्हिन कॉस्टनरनें भूमिका केली. त्यांत मॉर्गन फ्रीमननें वठविलेला अझीम हा मुसलमान सोबती सर्वांत शहाणा दाखविला आहे. असा सोबती १९८४ च्या एका इंग्रजी दूरचित्रमालेंत प्रथम आला होता. रॉबिन दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरतो आणि नॉटिंगहॅमला जातांना थेट उत्तरेकडील हेड्रियनच्या भिंतीशीं पोहोंचतो. पुण्याहून साताऱ्यास निघालेल्या माणसानें नाशकास मुक्काम करावा तशांतला हा प्रकार. त्या भिंतीजवळचें डेरेदार झाड या चित्रपटामुळें जगप्रसिद्ध झालें होतें. सप्टेंबर २०२३ मध्यें दोघांनीं रात्रीं चोरून तें कापलें, आणि २०२५ मध्यें त्यांना तुरुंगाची शिक्षा झाली.

२०१० मध्यें रिडले स्कॉटनें रसेल क्रो यास घेऊन केलेला प्रयत्न मात्र विचारपूर्वक होता. येथें रिचर्ड आरंभींच फ्रान्समधील एका किल्ल्याखालीं बाणानें मरतो, आणि तें इतिहासाला धरून आहे. नायक साधा तिरंदाज असून मेलेल्या सरदाराचें नांव धारण करून घरीं येतो. जणुं काय मंडेच्या नाटकापासून झालेली सारी घडामोड पटकथाकारानें कथेंतच ओवली. परंतु नंतर त्याला १२१५ च्या मॅग्ना कार्टाचा जनक आणि फ्रेंचांच्या स्वारीचा पराभव करणारा सेनानी करण्याचा मोह आवरला नाहीं. शेवटीं जॉन राजा वचन मोडून त्याला कायद्याबाहेर टाकतो, आणि तो रानांत जातो. एवढें एक बरें झालें. २०१८ च्या चित्रपटांत धनुष्यबाण मशिनगनसारखे चालतात. तो चालला नाहीं.

कालक्रम सोडून एक चित्रपट शेवटीं ठेवला आहे, तो १९७६ चा. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर, लेखक जेम्स गोल्डमन. रॉबिन शॉन कॉनरी, मॅरियन ऑड्री हेपबर्न. वीस वर्षें रिचर्डची चाकरी करून रॉबिन पिकल्या दाढीनें परत येतो. चित्रपटाच्या आरंभीं राजा त्याला एक किल्ला उद्ध्वस्त करण्याचा हुकूम देतो. आंत एक म्हातारा आणि बायकामुलें यांच्याखेरीज कोणी नाहीं. रॉबिन नाहीं म्हणतो, आणि राजा त्यालाच कैदेंत टाकतो. ज्या राजाच्या पायाशीं आजवरचे सारे रॉबिन गुडघे टेकीत आले, त्या राजाचें खरें रूप येथें प्रथम मोठ्या पडद्यावर आलें. मॅरियन आतां जोगिणींच्या मठाची अधिकारीण झाली आहे. शेरवुडमध्यें झोपडी पडलेली, गुडघे दुखताहेत, झाडावर चढवत नाहीं. पण लोक पुन्हां भोंवतीं जमतात, कारण त्यांनीं गाणीं ऐकलेलीं आहेत. रॉबिन स्वतः तीं गाणीं ऐकतो तेव्हां गोंधळतो. त्यांतल्या पुष्कळशा गोष्टी त्यानें केलेल्याच नसतात.

जुन्या पोवाड्यांत रॉबिनचा शेवट कर्कलीजच्या मठांत होतो. नात्यांतली मठाधिकारीण औषधोपचार म्हणून त्याची शीर तोडते आणि दग्यानें रक्त वाहूं देते. गोल्डमननें हा प्रसंग उचलला आणि विष देणारा हात मॅरियनचा केला. हाणामारींत रॉबिन जबर जखमी झाला आहे. तो बरा झाला तरी पूर्वींचा माणूस राहणार नाहीं हें तिला कळतें, आणि ती आधीं स्वतः विष पिते. रागावलेल्या रॉबिनला तें हळूहळू उमगतें. लिटल जॉनकडून तो धनुष्य मागून घेतो. बाण पडेल तेथें दोघांना पुरावयास सांगतो, आणि खिडकींतून बाण सोडतो. गोल्डमननें या पटकथेला ‘रॉबिन हूडचें मरण’ असें नांव दिलें होतें. चित्रपट काढणाऱ्या कंपनीला तें नांव रुचलें नाहीं, आणि जाहिरातींवर ‘रॉबिन आणि मॅरियन’ असें छापलें गेलें.